मानेतली गाठ जात नाहीये, १६ महिने झाले. कुणी यातून गेलंय का?

शेवंती_सातारा | १२ जून २०२५, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. सांभाळून घ्या.

वय ३६, बँकेत कॅश काउंटरला असते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ताप, घसा, सर्दी असं सगळं एकदम येऊन गेलं. त्यात डाव्या जबड्याच्या कोपऱ्याखाली दोन गाठी आल्या. एक भिजलेल्या हरभऱ्याएवढी, तिच्या मागे दुसरी मुगाएवढी. ताप आठवड्यात उतरला, गाठी मात्र तिथेच मुक्कामाला.

फॅमिली डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं, मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त, ईएसआर, छातीचा एक्स-रे सगळं नॉर्मल. सोनोग्राफीत मोठी गाठ १४ बाय ७ मिलिमीटर. सुईची तपासणी, एफएनएसी, तीही झाली. रिपोर्ट ‘रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फॅडेनायटिस’. डॉक्टर म्हणाले, कशाला तरी प्रतिसाद म्हणून सुजलेली साधी गाठ आहे, काही नाही, विसरून जा. पण रिपोर्टच्या तळाशी ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ असं एक वाक्य आहे, म्हणजे पेशंटला तपासून रिपोर्ट ताडून बघावा. सात महिने झाले, मी तेवढंच वाक्य वाचतेय.

विसरू कशी? बोट आपोआप तिथे जातं. उजवा हात नोटांच्या मशिनवर, डावा मानेवर. परवा पेन्शन घ्यायला आलेले एक आजोबा म्हणाले, “बाई, मान अवघडलीय का? निरगुडीचा पाला बांधा.” कॅश टॅली होत नाही तेव्हा मॅनेजर माझ्याकडे बघतात आणि मी गाठ चाचपत असते.

आता खरं सांगते, हसू नका. पोराच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाने मी माप घेते आणि कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलने लिहून ठेवते. १५, १३, १५, १६. ज्या दिवशी १६ येतात त्या दिवशी घास उतरत नाही.

अशी गाठ घेऊन कुणी वर्षानुवर्षं जगतंय का? की शेवटी ‘ते’च निघतं?

---

खारी_बटर | १३ जून, सकाळी ७:१२

ताई, उजव्या जांघेत दोन आणि मानेत एक. नववीत होतो तेव्हापासून. आता एकतिशी गाठली. तीन डॉक्टरांनी बघितल्या, तिघांनी सोडून दिल्या. आता मीही सोडून दिल्यात.

---

तिरकस | १३ जून, सकाळी ९:०५

कर्कटकाने माप घेताना टोक टोचत नाही का? मग गाठ सुजणारच की हो.

(गंमत करतोय. माझी बायको सेम. तिने माझ्या मानेवरही शोधून काढली एक.)

---

चुलीवरची | १३ जून, सकाळी १०:३०

कांचनार गुग्गुळ सुरू करा. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन गोळ्या कोमट पाण्याबरोबर. वरून चुना-हळदीचा लेप. माझ्या नणंदेची गाठ दोन महिन्यांत विरघळली. सुया टोचून घेऊ नका, गाठ चिडते.

---

परभणीकर | १३ जून, दुपारी १:४०

चुलीवरचीताई, राग मानू नका, पण लेपाचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो.

वडिलांना जबड्याखाली गाठ आली. दुखत नव्हती म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. गावात सगळे म्हणाले, दुखत नाही ना, मग काय काळजी? आठ महिने लेप झाले, चुना झाला, एकाने तर डाग दिला. डाग दिल्यावर वरची कातडी भाजली, खालची गाठ तशीच, दगडासारखी. हलवायला गेलं तर जागची हलायची नाही. वडील चाळीस वर्षं तंबाखू-चुना खायचे, रात्री झोपताना गालात गोळी धरून झोपायचे. शेवटी दात दुखतो म्हणून दाताच्या डॉक्टरकडे नेलं. त्या पोरीने आ करायला लावलं आणि जीभ बाजूला करून टॉर्च मारला. शेवटच्या दाढेमागे जखम होती. गाठ मानेत, मूळ तोंडात.

ऑपरेशन झालं, सहा आठवडे रेडिएशन झालं. दीड वर्ष काढलं त्यांनी. त्या आठ महिन्यांत आमच्यापैकी एकानेही त्यांच्या तोंडात डोकावून बघितलं नव्हतं.

---

चुलीवरची | १३ जून, दुपारी २:१५

वाईट वाटलं वाचून. मी तंबाखूवाल्यांबद्दल बोलत नव्हते. पण आयुर्वेदाला सरसकट नावं ठेवू नका.

---

परभणीकर | १३ जून, दुपारी २:२२

आयुर्वेदाला नाही हो. निदान न करता लेप लावायला. चांगला वैद्यही आधी तोंड उघडायला लावेल.

---

स्टेथोवाले_काका | १३ जून, रात्री ९:५०

मी निवृत्त फिजिशियन, सोलापूर. नेटवर कुणाचं निदान करत नाही, पण शेवंतीताईंच्या प्रश्नात खूप जणांचा प्रश्न आहे म्हणून सविस्तर लिहितो.

शरीरात सुमारे ६०० लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) आहेत. हे नाक्यावरचे पोलीस समजा. जो भाग त्यांच्या हद्दीत येतो तिथे काही घडलं की बंदोबस्त वाढतो, म्हणजे ग्रंथी फुगते. प्रकरण मिटलं की बहुतेक वेळा दोन ते चार आठवड्यांत ओसरते. पण काही ग्रंथींत आतून थोडे व्रण राहतात, त्या पूर्ववत होत नाहीत. वाटाण्यासारख्या हाताला लागत राहतात. सडपातळ माणसाला तर जास्तच, वर चरबीची गादी नसते ना. मानेत एक सेंटिमीटरपर्यंत आणि जांघेत दीड-दोनपर्यंतची मऊ, हलणारी गाठ धडधाकट माणसातही सापडते. खारी_बटर, तुमची ही गोष्ट.

आम्ही बघतो ते आधी जागा. गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यात हाताला गाठ लागली तर ती कितीही लहान असो, शोध घ्यायचाच. डाव्या खळग्यातली गाठ पोटातल्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते, हे जर्मनीच्या व्हर्को या डॉक्टरने १८४८ मध्येच लिहून ठेवलंय. मग स्पर्श. संसर्गाची गाठ बहुधा दुखरी आणि मऊ, लिम्फोमाची (म्हणजे लसिकाग्रंथींच्याच कर्करोगाची) रबरासारखी, दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाची परभणीकरांनी सांगितली तशी दगडासारखी, खाली चिकटलेली. क्षयाच्या गाठी एकमेकींना चिकटून द्राक्षाच्या घडासारख्या. म्हणून ‘दुखत नाही म्हणजे साधी’ हा गावठी नियम बरोबर उलटा आहे. अर्थात ‘दुखत नाही म्हणजे कॅन्सर’ हेही खरं नाही.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, वाढते आहे का? सोळा महिने तिथल्या तिथे असलेली गाठ आणि सहा आठवड्यांत दुप्पट झालेली गाठ या दोन वेगळ्या गोष्टी.

ताई, सोनोग्राफीत १४ बाय ७ म्हणजे लांबट, घेवड्याच्या दाण्यासारखी. रिपोर्टमध्ये ‘फॅटी हायलम प्रिझर्व्हड’ म्हणजे ग्रंथीच्या मधला चरबीचा भाग शाबूत, असं काही आहे का? ते चांगलं लक्षण. गोलमटोल आणि हायलम गायब असेल तर आम्ही सावध होतो. कर्कटकाने कातडीवरून १३ आणि १६ यांत फरक कळत नाही. तुमची गाठ नाही, तुमचा हात कमी-जास्त दाबला जातो. आणि ‘क्लिनिकली कोरिलेट’ हे पॅथॉलॉजिस्ट जवळजवळ प्रत्येक रिपोर्टखाली लिहितात. पोस्टकार्डावर ‘कळावे, लोभ असावा’ लिहायचे, तसं.

एक विचारायचं राहिलं. डाव्या बाजूच्या दाढा कशा आहेत?

---

शेवंती_सातारा | १३ जून, रात्री ११:२०

काका, ‘लोभ असावा’ वाचून सात महिन्यांत पहिल्यांदा हसले. हो, हायलमबद्दल तसंच लिहिलंय. दाढेचं काय, एक किडलेली आहे खालची. दुखत नाही म्हणून ठेवलीय. पण त्या बाजूने चावत नाही, सवयच झालीय.

---

माजघर | १४ जून, पहाटे ५:५५

आमच्याकडे पायाला काटा लागून पिकला की जांघेत गोळा यायचा, त्याला आई ‘अवधाण’ म्हणायची. काखेत आली की ‘काखमांजरी’. पायातला काटा काढला की अवधाण आपोआप बसायचं, कुणी गाठीवर औषध करत नसे. तुम्ही सगळे लिम्फ नोड म्हणता तर मला वाटलं हा काही नवीनच रोग.

आजी मात्र ‘गाठ’ शब्द घरात उच्चारू द्यायची नाही. कपड्याला गाठ, सुतळीला गाठ चालायची, अंगाला ‘फुगवटा’ म्हणायचं. तिच्या आईने १८९७ चा प्लेग पुण्यात पाहिला होता. जांघेत, काखेत गाठ आणि ताप, की घर सोडून माळावर झोपडीत. सावित्रीबाई फुले गेल्या त्या याच साथीत, १० मार्च १८९७ ला. भीती अशी चार पिढ्या उतरते. ताई, तुमची एकटीची नाही ती.

---

सूतगिरणी | १४ जून, सकाळी ११:१०

इचलकरंजीहून. माझ्या गाठींचा टीबी होता, म्हणून लिहिते.

उजव्या बाजूला तीन गाठी, चिकटलेल्या. संध्याकाळी कणकण यायची, पण ती गिरणीतल्या उकाड्याची समजून मी ताक पीत बसले. एक गाठ मऊ पडली, लाल झाली आणि एका रात्री उशीला डाग. आजेसासूबाई म्हणाल्या, ही तर गंडमाळ. त्यांना बघताक्षणी कळलं, आधी दाखवलेल्या डॉक्टरांना तीन महिने लागले! सुईने काढलेला पू सीबीनॅट या टीबीच्या तपासणीला पाठवला, टीबी निघाला.

सहा महिने गोळ्या. वजन ४७ किलो म्हणून रोज तीन, उपाशीपोटी. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा रक्तच पडलं समजून रडले. ते औषधाने होतं हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे सांगते. सरकारी केंद्रात औषध फुकट मिळतं, निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये खात्यात यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले.

दुसऱ्या महिन्यात एक गाठ उलट मोठी झाली. वाटलं, संपलं, औषध लागू पडत नाही. डॉक्टर म्हणाले, मेलेल्या जंतूंवर शरीर चिडतं, तसं होतं कधीकधी, गोळ्या सोडू नका. मग ओसरली. कोर्स संपून वर्ष झालं, एक वाटाणा अजून आहे. तो राहणार म्हणे.

त्रास गाठीचा कमी, लोकांचा जास्त. जाऊबाईंनी माझी ताटवाटी वेगळी केली. फुप्फुसात टीबी नसेल तर नुसत्या मानेतल्या गाठींमुळे दुसऱ्याला लागण होत नाही, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि घरी येऊन ताट वेगळंच ठेवलं.

---

पुनश्च_हरिओम | १४ जून, दुपारी ४:३५

लिहू की नको असा दोन दिवस विचार करतोय. शेवंतीताई, तुम्हाला घाबरवायचं नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

२४ व्या वर्षी मानेत गाठ. माझी एफएनएसीही ‘रिअ‍ॅक्टिव्ह’च आली होती. पण दोन महिन्यांत गाठ लिंबाएवढी झाली. अंगाला विलक्षण खाज, पुरळ नाही काही नाही, नुसती खाज. जवळच्या एका डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. चार दिवसांत गाठ अर्धी! घरात पेढे वाटायचे बाकी होते. गोळ्या संपल्या आणि तीन आठवड्यांत परत तेवढीच. रात्री घाम म्हणजे कसा, तर बनियन पिळावा लागायचा. आई उशीचा अभ्रा रोज बदलायची.

मग अख्खी गाठ काढून बायोप्सी केली. हॉजकिन लिम्फोमा. सुईत थोड्या पेशी येतात, गाठीची आतली रचना कळत नाही, म्हणून संशय असेल तर पूर्ण गाठच लागते. आणि स्टिरॉइडने ती रचनाच पुसट होऊ शकते, हे मला नंतर ऑन्कोलॉजिस्टनी सांगितलं.

दर पंधरा दिवसांनी केमो, एकूण बारा. केस गेले, आले. आता ३३ वर्षांचा आहे, मुलगी बालवाडीत जाते.

---

शेवंती_सातारा | १४ जून, रात्री १२:४०

म्हणजे एफएनएसी चुकू शकते. मला हेच वाटत होतं. हेच.

उशी बघितली आता. मला पण घाम येतो.

---

स्टेथोवाले_काका | १५ जून, सकाळी ६:३०

ताई, जूनमध्ये घाम साऱ्या महाराष्ट्राला येतो. कपडे बदलावे लागतील इतका आणि रोज रात्री येत असेल तर सांगा. सहा महिन्यांत वजनाचा दहावा हिस्सा आपोआप उतरलाय का? संध्याकाळचा ताप?

पुनश्चचा अनुभव मोलाचा आहे आणि त्यातली प्रत्येक गोष्ट खरी. पण परत वाचा. दोन महिन्यांत लिंबाएवढी. तुमची १६ महिने हरभराच आहे. तीच सुई आणि तोच शब्द, पण माणूस वेगळा. पुढे काय करायचं ते गाठ ठरवते, एकटा रिपोर्ट नाही.

पुनश्चने सांगितलेलं स्टिरॉइडचं सगळ्यांनी लक्षात ठेवा. निदान न झालेल्या गाठीवर स्टिरॉइड घेऊ नका, कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी.

---

शेवंती_सातारा | १५ जून, सकाळी ७:०२

वजन दोन किलो वाढलंय. ताप नाही. कपडे बदलावे लागत नाहीत.

सॉरी. रात्री एक वाजता कुणी धागे वाचू नयेत.

---

तिरकस | १५ जून, सकाळी ८:४४

हे वाक्य या संस्थळाच्या दारावर लावा.

---

पुनश्च_हरिओम | १५ जून, सकाळी ९:३०

ताई, सॉरी मलाच म्हणायला हवं. एक सांगू? मी बरा होऊन आठ वर्षं झाली, तरी दाढी करताना माझाही हात जातो. फॉलोअपच्या आदल्या रात्री तर नक्कीच. ऑन्कोलॉजिस्टनी मला नियम घालून दिलाय, महिन्याच्या १ तारखेला आंघोळीत एकदा बघायचं, बाकीचे दिवस हात खाली. मोडतो मी तो, पण नियम आहे म्हणून मोडतोय हे तरी कळतं.

---

मोगरा_ठाणे | १५ जून, दुपारी १२:१५

अजून एक नाव ऐकून ठेवा, किकुची. १९७२ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला आजार, आशियातल्या तरुण बायकांत जास्त. मला मानेत दुखऱ्या गाठी आणि ताप होता, सगळ्यांनी टीबी गृहीत धरला. एकाने तर बायोप्सीच्या आधीच गोळ्या लिहून दिल्या होत्या. बायोप्सीत किकुची निघाला. तीन महिन्यांत आपोआप गेला. फक्त ल्युपससाठी (यात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते) एएनए ही रक्ताची तपासणी करत राहायला सांगितलंय, कारण काहींना पुढे तो होतो.

तपासल्याशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू करू नका, एवढंच माझं म्हणणं.

---

सूतगिरणी | १५ जून, दुपारी १२:४०

आणि तपासून टीबी निघाला की मध्येच सोडू नका!

---

शेवंती_सातारा | २१ सप्टेंबर, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. काहींनी व्यनि करून विचारलं म्हणून.

काकांचं ऐकून दाताच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रेत दाढेच्या मुळाशी काळा गोल दिसला, पू होता म्हणे. न दुखता! दाढ वाचवायला रूट कॅनॉल, चार खेपा. पहिल्या खेपेला त्यांनी आत काहीतरी उघडलं आणि जो वास आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. हे मी तोंडात घेऊन वर्षभर ग्राहकांशी बोलत होते.

परवा सोनोग्राफी केली. मोठी गाठ १४ बाय ७ ची ११ बाय ६ झाली. मागची मुगाएवढी जशीच्या तशी. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारलं, ती का नाही गेली? ते म्हणाले, “ती बहुतेक जाणार नाही. वाढली तर या, नाहीतर सहा महिन्यांनी या.” दाढ हेच कारण होतं का, यावर म्हणाले, असेल, पण शपथेवर नाही सांगणार.

मला शपथेवर हवं होतं. नाही मिळालं.

कर्कटक पोराला परत केलं, त्याची घटक चाचणी होती. पुनश्चचा १ तारखेचा नियम लावलाय. जुलैत नऊ वेळा मोडला, ऑगस्टमध्ये चार. या महिन्यात अजून दोनच. कालनिर्णयवर आता हे आकडे लिहिते, बघा सुधारणा.

परभणीकर, तुमचं वाचून मी माझ्या सासऱ्यांना आ करायला लावलं. मिश्री लावतात. गालात पांढरा चट्टा होता, दाखवून आलो. सध्या नुसतं लक्ष ठेवायचं आणि मिश्री बंद. मिश्रीची डबी मी कुठे लपवलीय ते इथे लिहीत नाही, नातू त्यांना वाचून दाखवतो.

---

परभणीकर | २१ सप्टेंबर, रात्री १०:०३

ताई. बरं केलंत.

---

चुलीवरची | २२ सप्टेंबर, सकाळी ८:२०

दातासाठी लवंगेचं तेल... जाऊ दे, नाही सांगत. 😄

---

नवखा_२५ | २२ सप्टेंबर, दुपारी ३:३०

सगळा धागा वाचला. माझ्या उजव्या काखेत सुपारीएवढी गाठ आहे, दहा दिवस झाले, दुखते. वय २२. गूगल केलं तर भलतंसलतं येतंय. रात्रभर झोप नाही. काय असेल?

---

शेवंती_सातारा | २२ सप्टेंबर, दुपारी ३:४१

आधी हात काढ तिथून. काढलास?

आता सांग, ताप आहे का? आणि उजव्या हाताला, बोटांना मागच्या महिन्याभरात काही लागलं, टोचलं, चावलं?

---

नवखा_२५ | २२ सप्टेंबर, दुपारी ३:५०

काढला. थोडी कणकण आहे. लागलं काही नाही. हां, हॉस्टेलवर मांजरीने पिल्लं दिलीत, त्यातल्या एकाने मनगटावर ओरबाडलं होतं. तीन आठवडे झाले, तिथे एक पुळी आहे छोटी. पण त्याचा काय संबंध?

---

स्टेथोवाले_काका | २२ सप्टेंबर, दुपारी ४:०५

असू शकतो. उद्या सकाळी डॉक्टरांना दोन्ही दाखव, गाठ आणि पुळी. मांजराचं आपणहून सांग, ते विचारतीलच असं नाही. रेबीजच्या इंजेक्शनचंही विचार, उशीर झालाय तरी.

---

माजघर | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

काखमांजरी म्हणतात ते उगाच नाही मग.